आंबट वासाची गाडी

जुन्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी सकाळी, बाहेर उणे एकतीस असताना, अनुजिनच्या गाडीने फुंकर घालणं सोडून दिलं.

इंजिन पहिल्या हाकेला उठलं होतं. रात्रभर बॉनेटवर जाड गोधडी पांघरून झोपलेलं इंजिन. त्याच्याबद्दल तक्रारीला जागाच नव्हती. काटा हळूहळू वर सरकला, गरम पाणी फिरू लागलं, आणि तिने नेहमीसारखा हीटरचा पंखा चालू केला. एकवर. काही नाही. दोनवर, तीनवर, चारवर. तिने हातमोजा काढून जाळीपुढे बोटं धरली, मेलेल्याच्या नाकापुढे सूत धरतात तशी. सूत हललं नाही. काचेवर तिच्याच श्वासाचा बर्फ आतून साचत चालला होता.

अनुजिनला काळजी करायला कारण लागत नसे. पण कारण मिळालंच, तर ते ती वाया घालवत नसे. पाच मिनिटांत तिने मनातल्या मनात अकरा महिन्यांच्या तुगुल्दुरला सर्दी, खोकला, न्यूमोनिया असं सगळं करून दाखवलं आणि हॉस्पिटलच्या रांगेत नेऊन बसवलं.

उद्या त्सागान सार, मंगोल नववर्षाचा सण. उद्या सकाळी सासूबाईंना नव्या वर्षाचा नमस्कार करायचा, आणि दुपारच्या आत बाळाला घेऊन एकशे तीस किलोमीटरवर लूनला, तिच्या वडिलांकडे पोचायचं, असं ठरलं होतं. चोयजिलनी, म्हणजे बाबांनी, नातवाला अजून फोनवरच पाहिलं होतं. अनुजिनची आई गेल्या वसंतात गेली. त्यानंतरचा हा पहिला सण. नव्या वर्षाच्या ताटातल्या लांबट पोळ्यांचे थर आजवर आईच रचायची. काल रात्री बाबांनी फोन केला होता.

"अगं, पहिल्या थराचं तोंड कुणीकडे करायचं? तुझी आई काही लिहून नाही गेली."

"किती थर लावताय, बाबा?"

"पाच. तीन लावले तर ताट भिकारी दिसतं. तू पोराला घेऊन ये म्हणजे झालं. नाहीतर मी घोड्यावर बसून येतो."

घोडा म्हातारा आणि बाबा त्याहून म्हातारे. पण ते निघाले असते, हे अनुजिनला पक्कं ठाऊक होतं.

तिने नवऱ्याला फोन लावला. तेमूलेन दक्षिणेत गोबीतल्या खाणीवर होता, आणि सणाची सुट्टी त्याच्या पाळीला लागली नव्हती.

"फ्यूज बघ," तो म्हणाला. "तुझ्या गुडघ्यापाशी झाकण आहे. त्यातला हीटरचा काढ."

"काढला. तार अख्खी आहे."

"शेजारचा तसलाच लावून बघ."

"लावला. तरी नाही. आणि आता हॉर्नही वाजत नाहीये."

"अगं, तू हॉर्नचा काढलास. परत लाव तो!" मागे यंत्रांची घरघर चालू होती. "गॅरेजला फोन कर ना."

"सहा गॅरेजना केला. चार उचलत नाहीत. एक म्हणाला, पाचव्या दिवशी या. सहावा बूझ खात होता, त्याचं काहीच कळलं नाही."

"मग यंदा राहू दे, अनुजिन. बाबांना मी फोन करतो."

"तू फोन करू नकोस," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली.

वर तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात सेवजिद, तिच्या सासूबाई, खिमा भरलेले वाफवायचे बूझ मोदकासारखे चिमटून ट्रेमध्ये ओळीने मांडत होत्या. चारशे झाले होते आणि धाकट्या मुलाचं कुटुंब उद्या येणार म्हणून अजून दोनशे करायचे होते. तुगुल्दुर खाली बसून पिठाचा गोळा जमिनीला चिकटवण्याचं काम मन लावून करत होता.

"बंद पडली ना?" सेवजिद म्हणाल्या. "मी म्हणतच होते. त्या गाडीला वास मारतो."

वासाचं प्रकरण तीन आठवड्यांचं होतं. हीटर लावला की गाडीत आंबट, कुबट वास सुटे. अनुजिनने आधी बाळाच्या खुर्चीचं कापड धुतलं. मग पट्टे धुतले. मग पायपुसणी. मग बाळाला मानेपासून टाचेपर्यंत हुंगलं. तेव्हा सेवजिद म्हणाल्या होत्या, "पोराच्या पोटात दूध आंबतंय. तू काय खातेस ते बघ जरा." साधंच बोलणं, पण ते अनुजिनच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं होतं. तिने पंधरा दिवस लोणची सोडली. वास होता तिथेच होता.

"बाळाला ठेव माझ्याजवळ," सेवजिद आता म्हणाल्या. "तू जाऊन ये एकटी. चार लोकरी कपडे घाल, काच पुसत पुसत जा. म्हाताऱ्याला तुझं तोंड दिसलं म्हणजे पुरे."

"त्यांना माझं तोंड बत्तीस... सत्तावीस वर्षं दिसतंय, आई. बाळाचं बघायचंय त्यांना." घाबरली की अनुजिनचं स्वतःचं वयसुद्धा चुकायचं.

सेवजिदनी एक बूझ चिमटला. मग दुसरा. मग खिडकीकडे हनुवटी उडवून म्हणाल्या, "त्या गोंबोला विचार. माणूस वाह्यात आहे, पण मोटरी कळतात त्याला."

गोंबोंना सगळे आदराने गोंबो-ग्वाय म्हणत; ते समोरच्या इमारतीत राहायचे. ट्रॉलीबसच्या डेपोत त्यांनी एकतीस वर्षं मोटरी उघडल्या आणि मिटल्या. आता निवृत्त होऊन ते अंगणाच्या टोकाला असलेल्या आपल्या पत्र्याच्या गॅरेजमध्ये शेगडी पेटवून बसत, आणि संध्याकाळी सेवजिदशी डॉमिनो खेळताना लबाडी करत. अनुजिन गाडी घेऊन तिथे गेली तेव्हा ते एका स्टुलावर बसून रेडिओला चहा पाजल्यासारखे त्याच्यावर ओणवे झाले होते.

"गाडी आत घे," ते म्हणाले. "दार लाव. आणि सांग, पेशंटला काय होतंय?"

अनुजिनने फोन काढला. फोनमध्ये यादी होती. तिच्या फोनमध्ये सगळ्याच गोष्टींची यादी असे.

"सत्तावीस जानेवारीला पहिल्यांदा वास. आंबट. पंखा चालू असतानाच येतो, बंद केला की थांबतो. तीन फेब्रुवारीला चीं-चीं आवाज, सकाळीच, दहा मिनिटं. नऊ तारखेला एकवर फिरेना, दोनवर फिरला. तेरा तारखेला फक्त चारवर, तोही खड्ड्यात गाडी आदळल्यावर. आज काहीच नाही."

गोंबो-ग्वाय तिच्याकडे बघतच राहिले.

"पोरी, एकतीस वर्षांत मला असा ड्रायव्हर मिळाला नाही. सगळे यायचे आणि म्हणायचे, 'चालत नाही.' झालं. जसा काही मी ज्योतिषी." ते गुडघ्यावर बसले. "वेग एक-एक करून गेले म्हणतेस. नुसता वेग बदलणारा रेझिस्टर जळला असता तर खालचे वेग गेले असते, पण चारवर पंखा धडधाकट पळाला असता. हा चारवरही अडला. आणि खड्ड्यात आदळल्यावर जागा झाला. हे लक्षण मोटरीचं. पण आधी वीज पोचते का बघू. उगाच निरपराध्याला फाशी नको."

डाव्या बाजूच्या खणाखाली त्यांनी हात घातला, मोटरीची तार सोडवली आणि तिच्या टोकांना एक छोटा दिवा लावला. "पंखा चारवर कर."

दिवा लखकन पेटला. अनुजिन सीटवरून वाकून बघू लागली.

"हे चांगलं की वाईट?"

"वीज दारापर्यंत येते, घरातलं माणूस दार उघडत नाही. एवढंच." त्यांनी तार परत जोडली आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने मोटरीच्या बुडावर टकटक केलं. एकदा. दोनदा. तिसऱ्या टकटकीला जाळीतून एक उसासा निघाला, पंखा दोन-तीन गिरक्या फिरला, तो ओळखीचा आंबट वास भपकन आला, आणि सगळं पुन्हा गप्प झालं.

"जिवंत आहे!" गोंबो-ग्वाय खूश झाले. "हट्टाला पेटलीय नुसती. काढू बाहेर."

तीन स्क्रू. तिसरा अशा जागी होता की गोंबो-ग्वायना पाय सीटवर आणि डोकं खाली करून लोंबकळावं लागलं, आणि त्या अवस्थेत त्यांनी जपानी अभियंत्यांच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला. अखेर मोटर हातात आली. गोल पिंजऱ्यासारखा पंखा आणि त्याच्या पोटात मोटर. पिंजऱ्याच्या प्रत्येक पात्यावर पिवळट पांढरी पुटं चढली होती, भांड्याला दूध करपून चिकटावं तशी.

गोंबो-ग्वायचा चेहरा पडला.

"हे काय?" अनुजिनने विचारलं.

"इंजिनाचं पाणी गळत असेल तर असे डाग पडतात. हीटरचा रेडिएटर फुटला असेल, तर सगळा डॅशबोर्ड खोलावा लागेल. दोन दिवसांचं काम." त्यांनी डोकं खाजवलं. "लून विसर, पोरी."

अनुजिनला क्षणभर बाबा दिसले. पाच थरांच्या ताटापुढे नवा झगा घालून बसलेले. मग तिने मोटर गोंबो-ग्वायच्या हातातून घेतली आणि नाकाशी नेली. गेल्या तीन आठवड्यांत या बाबतीत तिचं नाक शहरातलं सगळ्यात तयार नाक झालं होतं.

"ग्वाय, इंजिनाच्या पाण्याला गोड वास येतो ना?"

"येतो."

"हा आंबट आहे."

गोंबो-ग्वायनी नखाने एक कपचा खरवडला. हुंगला. मग, अनुजिन "अहो!" म्हणेपर्यंत, जिभेवर ठेवला.

"विष असेल ते!"

"आरूल आहे," ते म्हणाले.

"काय?"

"आरूल. वाळवलेलं दही. तुझ्या गाडीत आरूल तयार होतंय, पोरी. माझी आजी घराच्या छपरावर वाळवायची, तू पंख्यात वाळवतेस. चवीला जरा ग्रीस जास्त झालंय."

दोघं खो-खो हसले. मग अनुजिनचं हसू एकदम थांबलं. दूध. पण बाळाची बाटली मागच्या सीटवर असते. दूध तिथून वर चढून पंख्यात कसं जाईल? पंखा हवा घेतो कुठून?

"बाहेरून," गोंबो-ग्वाय म्हणाले. "पुढच्या काचेखाली जाळी असते, वायपरच्या खाली. तिथून."

तिने बॅटरी घेतली, बाहेरून काचेच्या बुडाशी वाकली आणि वायपर उचलला. जाळीच्या पट्ट्यांमधून पांढरा गोठलेला ओघळ खाली उतरलेला होता. थरावर थर. नोव्हेंबरपासूनचा.

आणि तिला दिसलं. दर शनिवारी बाळाला घेऊन ती निघते. लसीला, वजनाला, मैत्रिणीकडे. गाडी तापून दाराशी उभी असते. सेवजिद पायरीवर येतात, हातात गरम दुधाचा वाडगा. निघणाऱ्याच्या वाटेवर दूध शिंपडायचं, चाकांना द्यायचं, मग वाट पांढरी, म्हणजे शुभ राहते. ते सगळेच करतात. पण सेवजिद पायरीवरून खाली उतरत नाहीत. उभ्या उभ्या, नेम धरून, अख्खा वाडगा काचेवर रिकामा करतात. आणि अनुजिन दर वेळी मनातल्या मनात चरफडत वायपर लावते.

म्हणजे बाळाच्या पोटात काही आंबलं नव्हतं. तिच्या अंगात काही खोट नव्हती. पंधरा दिवस लोणचं न खाता राहिलेली अनुजिन त्या ओघळाकडे बघत उभी राहिली, आणि तिच्या मनात एक अतिशय सुंदर, धारदार वाक्य तयार झालं. वर जायचं, मोटर टेबलावर बूझच्या शेजारी ठेवायची, आणि ते म्हणायचं.

"मोटर वाचेल का?" तिने आधी विचारलं.

गोंबो-ग्वायनी मोटर उघडली. "हे दोन कार्बन बघ. हे गोल भागाला टेकून राहतात तेव्हा वीज आत जाते. लांबी भरपूर आहे, झिजलेले नाहीत. पण हा एक आपल्या खाचेत दह्याने चिकटून बसलाय. पुढे सरकतच नाही." त्यांनी दोऱ्यासारख्या बारीक तारेने तो कार्बन सोडवला. "गरम पाण्याचं फडकं, मग स्पिरिट. स्पिरिट आहे?"

"नाही."

"मग व्होडका. आज कुठल्या घरात नाही? सेवजिदने पाहुण्यांसाठी चांगली ठेवलीय, मला माहीत आहे. कपाटात, वरच्या खणात, मफलरमागे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मोटरीकडे लक्ष दे."

व्होडका मागवायला फोन करायची वेळच आली नाही. दार किरकिरलं आणि वाफेच्या ढगासोबत सेवजिद आत आल्या. एका हातावर पांघरुणात गुंडाळलेला तुगुल्दुर, दुसऱ्या हातात झाकलेलं ताट. "दोन तास झाले. मेलात की काय बघायला आले. बूझ आणलेत. गोंबो, तुला पाचच, मोजून." मग त्यांचं लक्ष मोटरीकडे गेलं. "हे काय लागलंय?"



"धूळ," गोंबो-ग्वाय म्हणाले. एकतीस वर्षांचा कारागीर, पण शूर नव्हे.

ते सुंदर वाक्य अनुजिनच्या जिभेच्या टोकावर होतं. सेवजिदनी बाळ तिच्याकडे दिलं. अंगणातला चाळीस पावलांचा बर्फ ओलांडून त्या आल्या होत्या. आणि उजव्या कोपरावर ताजा बर्फ चिकटलेला होता. म्हणजे कुठेतरी टेकल्या होत्या. बाळावर मात्र बर्फाचा कणही नव्हता.

"आई, पडलात?"

"पडते कशाला? बसले जरा." सेवजिदनी मोटर उचलली आणि नाकाशी नेली. त्यांनी आयुष्यभर आरूल केलं होतं. त्यांना चाखायची गरज पडली नाही. मोटरीवरून नजर काचेकडे गेली, काचेवरून वायपरखालच्या जाळीकडे. त्यांचे कान लाल झाले.

"दूध आहे," त्या म्हणाल्या. "विष नव्हे."

"हो, आई."

"चाकांना द्यायचं असतं, मला माहीत आहे. शिकवू नका. पायरीखाली सगळी काच झालीय बर्फाची. चार चाकांभोवती फिरायला गेले आणि पडले, तर तू पोराला सोडून माझ्यापाशी बसशील. म्हणून वरूनच..." त्या थांबल्या. "तू तशी घाबरट. बाहेर पडताना तुझं तोंड बघितलं की मला वाटतं, थोडं जास्तच शिंपडावं."

अनुजिनने ते सुंदर वाक्य गिळलं. गिळताना जरा अडलं, हे खरं. मग ती म्हणाली, "आई, ती व्होडका लागेल. मफलरमागची."

सेवजिदनी सावकाश मान वळवून गोंबो-ग्वायकडे पाहिलं. "मफलरमागची?"

गोंबो-ग्वाय स्क्रू शोधायला गाडीखाली गेले. स्क्रू त्यांच्या खिशात होते.

व्होडकाने कार्बन पुसले, खाच पुसली, पातं न् पातं पुसलं. अनुजिनने "ठिणगी उडून पेट घेतला तर?" असं विचारलं, म्हणून सगळं शेगडीपासून लांब तासभर वाळत ठेवलं. त्या तासात गोंबो-ग्वायनी अकरा बूझ खाल्ले आणि जाळीतला गोठलेला ओघळ खुरपून काढला. मग बेअरिंगमध्ये तेलाचा थेंब सोडला आणि दोन तारा धरून मोटर थेट बॅटरीला लावली. ती इतक्या हलकेच फिरू लागली की आधी कुणाला कळलंच नाही. तुगुल्दुरच्या कपाळावरचे केस उडाले तेव्हा कळलं. तो दचकला, आणि मग पंख्याकडे बघून खदखदून हसला.

"घ्या," मोटर परत जागेवर बसवून गोंबो-ग्वाय म्हणाले. "उद्या सकाळी गाडी आधीच तापव, आणि पोराला नंतरच बसव."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या वेळी अनुजिनने नवा झगा घातला, दोन्ही हात पुढे करून तळवे सेवजिदच्या कोपरांखाली धरले, त्यांचे हात आपल्या हातांवर तोलले आणि नव्या वर्षाची ख्यालीखुशाली विचारली. सेवजिदनी रीतीप्रमाणे तिचा गाल हुंगला. नंतर चहा झाला, बूझ झाले, आणि दहा वाजता सगळे खाली उतरले. गाडी दाराशी घुरघुरत होती, आतल्या काचा लख्ख. मागच्या सीटवर तुगुल्दुर कोल्ह्याच्या कातड्याची टोपी घालून छोट्या सरदारासारखा बसला.

सेवजिद वाडगा घेऊन पायरीवर उभ्या राहिल्या. त्यांनी काचेकडे पाहिलं. काचेच्या बुडाशी, वायपरखाली, अनुजिनने बाळाचं एक जुनं दुपटं घडी करून नीट खोचून ठेवलं होतं.

"विश्वास नाही ना माझ्यावर?" सेवजिद म्हणाल्या.

"नेमावर आहे, आई, म्हणून तर खोचलंय. हात चांगला आहे तुमचा." अनुजिन पायरीवर परत चढली. तिने सकाळसारखेच हात पुढे केले आणि तळवे सासूबाईंच्या कोपरांखाली धरले. "चला. चार चाकं आहेत."

"पडलो तर दोघी पडू."

"तर तुगुल्दुर हॉर्न वाजवेल. फ्यूज परत लावलाय मी."

एकेक पाऊल टाकत त्या गाडीभोवती फिरल्या. पुढचं डावं, मागचं डावं, मागचं उजवं. प्रत्येक चाकाला चमचाभर दूध. पडता पडता ते पांढरा मणी होऊन रबरावर थिजत होतं. समोरच्या इमारतीच्या खिडकीतून गोंबो-ग्वाय ओरडले, "अशा वेगाने लूनला पुढच्या वर्षी पोचाल!" सेवजिदनी त्यांच्याकडे बघून चमचा उगारला. चौथ्या चाकापाशी वाडग्यात तळाला थोडं उरलं. त्यांनी काचेकडे एकदा पाहिलंच. मग मागचं दार उघडून बोट बुडवलं आणि नातवाच्या कपाळाला लावलं, आणि उरलेलं स्वतः पिऊन टाकलं.

अनुजिनने दुपटं काढून घेतलं आणि पंखा तीनवर ठेवला. शहर मागे पडेपर्यंत ती दर दोन मिनिटांनी जाळीपुढे हात धरून बघत होती. नंतर दर पाच मिनिटांनी. आणि पहिली टेकडी ओलांडल्यावर एकदम तिच्या लक्षात आलं, की बराच वेळ आपण हात धरलेलाच नाही. वास नव्हता. बाळ झोपलं होतं, टोपी डोळ्यांवर आलेली.

लूनला बाबा कुंपणाच्या फाटकाशी उभे होते, केव्हापासून कोण जाणे. मिशा बर्फाने पांढऱ्याफेक झाल्या होत्या. त्यांनी नमस्काराचीही वाट पाहिली नाही. गाडीचं मागचं दार उघडलं, आतली ऊब तोंडावर घेत वाकले, आणि झोपेतून उठलेल्या नातवाचा एक गाल हुंगला, मग दुसरा, मग कपाळ. तिथे जरा जास्त वेळ थांबले.

"दुधाचा वास येतोय," ते म्हणाले. "चल आत. थर वाकडे झालेत, हसायचं नाही."